टिकली गेली कुठे?

दोस्तांनो, हा लेख वाचायला घेण्याआधी दोन वस्तू जमवा. एक कोरा कागद आणि आईच्या किंवा ताईच्या पाकिटातली एक छोटी टिकली. (विचारून घ्या हं!) टिकली नसेल, तर पेनानं ठळक काळा ठिपका काढलात तरी चालेल.

कागद आडवा ठेवा. डाव्या बाजूला पेनानं एक लहानशी फुली काढा. फुलीच्या उजवीकडे, त्याच रेषेत, पट्टीनं मोजून ८ सेंटिमीटरवर टिकली चिकटवा. झालं? आता डावा डोळा तळहातानं झाका. हात लांब करून कागद समोर धरा आणि उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत राहा. टिकलीकडे नजर वळवायची नाही. ती कडेला आपोआप दिसत राहील. आता कागद हळूहळू जवळ आणा.

कागद साधारण एक फुटावर आला, की टिकली गायब! आणखी जवळ आणा, ती पुन्हा हजर. जमलं नाही तर घाई न करता परत करून बघा. बहुतेक वेळा नजर चुकून टिकलीकडे पळालेली असते.

जमलं? मग आता खरा प्रश्न. टिकली गेली तेव्हा तिच्या जागी तुम्हाला काय दिसलं? काळं भोक? धुरकट डाग? नाही. तिथे कोरा कागद दिसला! रेघी वहीचं पान घेऊन हाच प्रयोग केलात, तर टिकलीच्या जागी चक्क रेघा दिसतील. म्हणजे कुणीतरी टिकली उचलली आणि वर तिथे हुबेहूब कागद चिकटवून ठेवला.

हा चोर कोण, याचा आज आपण तपास करणार आहोत. नुसती गंमत म्हणून नाही. हाच चोर काही मुलांच्या बाबतीत फार मोठी गोष्ट लपवून ठेवतो. ती काय, ते शेवटी कळेलच. आणि मग तुम्हाला घरी एक काम करायचं आहे.

समोरची काच आणि खिडकी

तपासाची सुरुवात घटनास्थळापासून करू या. आपला डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा, एखाद्या मोठ्या गोटीएवढा. त्याचा बराचसा भाग कवटीच्या खोबणीत दडलेला असतो. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू जोडलेले असतात. डोळा वर, खाली, बाजूला फिरवण्याचं काम ते करतात.

गोळ्याचं बाहेरचं पांढरं, चिवट आवरण म्हणजे श्वेतपटल. समोरच्या बाजूला मात्र हे आवरण काचेसारखं पारदर्शक होतं. त्याला म्हणतात पारपटल. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण काम मोठं. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण वाकवण्याचं दोन तृतीयांश काम हे पारपटलच करतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला सगळं जग लाल जाळीतून दिसलं असतं! मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? बराचसा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून विरघळून. नेत्रदानात दुसऱ्याला दृष्टी मिळते, ती या पारपटलामुळेच.

पारपटलाच्या मागे असते परितारिका. कुणाची काळी, कुणाची तपकिरी, कुणाची घारी. तिच्या मधोमध एक गोल भोक असतं, तीच आपली डोळ्यातली बाहुली. बाहुली काळी दिसते, कारण ती आत उघडणारी खिडकी आहे आणि आत अंधार आहे.

ही खिडकी लहानमोठी होते. आरशासमोर उभे राहा, अर्धा मिनिट डोळ्यांवर हात ठेवा आणि मग उजेडात एकदम हात काढा. बाहुली भराभर आक्रसताना दिसेल. लख्ख उजेडात ती सुमारे २ मिलिमीटरची होते, तर अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तुम्ही तिला हुकूम देत नाही. ती आपणहून काम करते.

पडद्यावर उलटं चित्र

बाहुलीच्या मागे आहे भिंग. हे काचेचं नाही, मऊ आहे. गच्चीवरून लांबच्या पतंगाकडे बघताना ते चपटं होतं. हातातल्या मांज्याची गाठ सोडवताना तेच फुगीर होतं. भोवतालचे स्नायू हा बदल डोळ्याचं पातं लवेपर्यंत घडवून आणतात. वय वाढलं की भिंग ताठर होत जातं. म्हणूनच आजोबा चष्मा सापडला नाही की वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात!

भिंगाच्या मागची पोकळी जेलीसारख्या पारदर्शक पदार्थानं भरलेली असते आणि तिच्या मागच्या भिंतीवर असतो पडदा. त्याचं नाव दृष्टिपटल. समोरच्या दृश्याचं चित्र या पडद्यावर उमटतं.

पण ते उमटतं उलटं! खरं वाटत नसेल तर एक साधं भिंग घ्या. दिवसा खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ ते धरा आणि थोडं पुढेमागे करा. भिंतीवर खिडकीचं चिमुकलं, स्वच्छ, पण उलटं चित्र पडेल. (भिंग सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका.) डोळ्यातही असंच घडतं, हे जर्मन शास्त्रज्ञ योहानेस केप्लरनं १६०४ साली मांडलं. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा हाच तो केप्लर.

मग आपल्याला माणसं डोक्यावर उभी का दिसत नाहीत? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९०च्या दशकात एक अजब प्रयोग केला. त्यांनी जग उलटं दाखवणारी भिंगं एका डोळ्यावर लावली, दुसरा डोळा झाकला आणि तसेच दिवसच्या दिवस काढले. सुरुवातीला साधा पेला उचलतानाही हात भलतीकडे जाई. पण आठवडाभरात ते त्या उलट्या जगाला बरेच सरावले. डोळ्यातलं चित्र तेच होतं, मेंदूनं मात्र नवा हिशेब शिकून घेतला होता.

हा शब्द लक्षात ठेवा. शिकून घेतला. पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

दिवसपाळी आणि रातपाळी

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकाकार पेशी आणि तब्बल १२ कोटींच्या आसपास दंडाकार पेशी. शंकाकार पेशी दिवसपाळीच्या. त्यांना भरपूर उजेड लागतो, पण रंग ओळखायचे ते त्यांनीच. दंडाकार पेशी रातपाळीच्या. अगदी मंद प्रकाशातही त्या काम करतात, पण रंगांच्या बाबतीत त्या 'ढ'!

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवता ना? तेव्हा आजूबाजूचे दिवे बंद करून बघा. चांदण्यात लाल फ्रॉक काळपट दिसतो, हिरवा सदरा करडा दिसतो. सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरलं, की आधी काहीच दिसत नाही आणि आपण कुणाच्या तरी पायावर पाय देतो. मग हळूहळू खुर्च्या दिसू लागतात. कारण रातपाळीच्या पेशींना पूर्ण जागं व्हायला जवळजवळ अर्धा तास लागतो. त्यांचं काम चालवणारं रसायन तयार व्हायला अ जीवनसत्त्व हवं असतं. ते फारच कमी पडलं की रातांधळेपणा येतो. म्हणून पालेभाजी, गाजर, पपई, आंबा पानात आले की नाक मुरडू नका. (आंब्याला कोण मुरडतंय म्हणा!)

शंकाकार पेशींची सर्वांत जास्त गर्दी पडद्याच्या मध्यावर, एका चिमुकल्या ठिकाणी असते. बारीक काम तिथेच होतं. आत्ता या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर खिळवा आणि न हलवता शेजारचे शब्द वाचायचा प्रयत्न करा. एखाद-दुसरा वाचता येईल, बाकी सगळं धूसर! म्हणजे खरं तर एका वेळी आपल्याला स्वच्छ दिसतो तो जगाचा एक छोटा तुकडाच. डोळे सारखे इकडून तिकडे उड्या मारत असे तुकडे गोळा करतात आणि आपल्याला वाटतं, सगळंच एकदम स्वच्छ दिसतंय.

मध्यावर दंडाकार पेशी मात्र नसतात. रात्री आकाशात कृत्तिकांचा पुंजका शोधा. थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघा, जास्त तारे दिसतील.

टिकली सापडली!

आता टिकलीकडे येऊ. या सगळ्या पेशींनी टिपलेली माहिती मेंदूपर्यंत पोचवायला तारा हव्यात. डोळ्यातून अशा सुमारे १० लाख बारीक तंतूंची एक जुडी निघते. तिचं नाव दृष्टिचेता. गंमत अशी, की हे तंतू पडद्याच्या पुढच्या बाजूनं, म्हणजे भिंगाच्या बाजूनं पसरलेले असतात. मग मागे मेंदूकडे जायचं कसं? पडद्याला भोक पाडून! भिंतीतून वायर बाहेर काढायला भोक पाडतात ना, तसंच. तेवढ्या जागेत प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. हाच अंधबिंदू.

फ्रेंच शास्त्रज्ञ एडम मारियॉट यांनी सतराव्या शतकात तो शोधून काढला, तेव्हा लोक चकित झाले. आपल्याच डोळ्यात एक आंधळी जागा आहे आणि हजारो वर्षं कुणाला पत्ताच नव्हता! (ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू पडद्याच्या मागूनच निघतात, म्हणून त्याला अंधबिंदू नाही.)

तर, कागद एक फुटावर आला तेव्हा टिकलीचं चित्र नेमकं तुमच्या अंधबिंदूवर पडलं. ती कुणी चोरली नाही. ती दिसलीच नाही. पण मग तिच्या जागी कोरा कागद कुणी लावला?

मेंदूनं!

डोळ्यांकडून आलेले संदेश डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचतात. तिथे मेंदू त्यांचा अर्थ लावतो. म्हणूनच डोक्याच्या मागे जबर मार बसला, तर डोळे धडधाकट असूनही दिसण्यात अडचण येऊ शकते. मेंदूला मोकळी जागा आवडत नाही. जिथे माहिती आली नाही, तिथे तो आजूबाजूला बघून ठिगळ लावतो. इतकं बेमालूम, की ठिगळ लावलंय हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

चोर सापडला, पण तो बिचारा आपल्या भल्यासाठीच हे करतो. मात्र कधी कधी या सवयीनं घोटाळा होतो.

हाताला भोकं आहेत का रे?

मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात चांगला, धावण्यात पहिला. पण क्रिकेट खेळताना झेल म्हणून घेता यायचा नाही. चेंडू यायच्या आधी तरी हात मिटायचे, नाहीतर नंतर तरी. "हाताला भोकं आहेत का रे?" असं आम्ही त्याला चिडवायचो. शेवटी त्यानं खेळायचंच सोडलं.

सहावीत असताना एकदा मैदानावर त्याच्या उजव्या डोळ्यात धुळीचा कण गेला. त्यानं त्या डोळ्यावर रुमाल धरला आणि नळाकडे जाताना चक्क खांबाला धडकला. आम्ही हसलो. तो शांतपणे म्हणाला, "अरे, डाव्या डोळ्यानं कुठे कुणाला नीट दिसतं? डावा हात कसा कमी चालतो, तसंच ना ते!"

आम्ही सगळे गप्प. त्याला खरंच असं वाटत होतं, की सगळ्यांचाच डावा डोळा कच्चा असतो. त्याच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर होता आणि उजवा ठणठणीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून तो फळ्यावरचं, पुस्तकातलं सगळं वाचायचा. त्यामुळे ना त्याला कळलं, ना आईवडिलांना, ना गुरुजींना.

आणि झेल? त्यासाठी दोन डोळे लागतात. एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात त्याचं टोपण घ्या. दोन्ही हात लांब करा, एक डोळा मिटा आणि बाजूनं हात आणून टोपण लावायचा प्रयत्न करा. फसलात ना? दोन डोळ्यांना तीच वस्तू थोड्या वेगळ्या कोनातून दिसते. या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. त्याच्याकडे एकच चित्र पोचत होतं. त्याच्या हाताला भोकं नव्हती.

आळशी डोळा

याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. नाव चुकीचंच आहे म्हणा, कारण यात त्या डोळ्याचा दोष नसतो. होतं असं. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असला, एक डोळा तिरळा असला, किंवा जन्मतःच त्यात मोतीबिंदू असला, की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं येतात. एक स्वच्छ, एक धूसर. घोटाळा नको म्हणून मेंदू धूसर चित्राकडे दुर्लक्ष करायला लागतो. करता करता त्या डोळ्यानं बघायला तो शिकतच नाही. मग मोठेपणी कितीही चांगला चष्मा लावा, त्या डोळ्यानं स्वच्छ दिसत नाही.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात हे मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं. पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले काही महिने बंद ठेवला आणि मग उघडला. डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशी त्याच्या संदेशांना जवळजवळ दादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तेवढेच दिवस बंद ठेवला, तर मात्र काही बिघडलं नाही. म्हणजे बघायला शिकण्याचं एक वय असतं! या संशोधनासाठी दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या या कामानं मुलांच्या डोळ्यांवर लवकर उपचार का करायचे, हे डॉक्टरांना नीट उमगलं.

शंभर मुलांमागे साधारण एक-दोघांना हा त्रास असतो. उपाय मात्र साधा आहे. योग्य नंबरचा चष्मा, आणि गरज असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. चांगला डोळा झाकला, की मेंदूला दुसऱ्या डोळ्याचं ऐकावंच लागतं. सात-आठ वर्षांच्या आत हे केलं तर गुण उत्तम येतो. त्यानंतरही, अगदी बारा-तेराव्या वर्षी, काही मुलांना बराच फायदा झाल्याचं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून 'आता उशीर झाला' असं घरच्या घरी ठरवू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आज करायचं काम

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. त्यापासून दहा फुटांवर उभे राहा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका आणि बोटांच्या फटीतून बघू नका! मोठे आकडे वाचा, मग त्याखालची बारीक अक्षरं जितकी वाचता येतील तितकी वाचा. आता दुसरा डोळा झाका आणि तेच करा. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसलं पाहिजे. फरक जाणवला, तर आजच घरी सांगा. तुमची परीक्षा झाली, की धाकट्या भावंडाची घ्या. हा झाला फक्त पहिला अंदाज, खरी तपासणी डॉक्टरच करतील.

दोन्ही डोळ्यांनी फळा अंधुक दिसत असेल, तरीही सांगा. डोळ्याचा गोळा नेहमीपेक्षा फक्त एक मिलिमीटर लांब झाला, तरी अडीच-तीन नंबरचा चष्मा लागतो. त्यात लाज कसली? बूट लहान झाले तर आपण नवे घेतोच ना! वर्गात कुणाला चष्मा लागला, की 'ढापण्या' म्हणून हाक मारणारे असतात. चिडवणाऱ्याला अंधबिंदूचा प्रयोग करायला लावा आणि सांगा, "हे बघ, तुलापण सगळं दिसत नाही!"

आणि हो, रोज मैदानावर खेळायला जा. बाहेरच्या उजेडात बराच वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं अंधुक दिसण्याचं प्रमाण कमी आढळतं. मोबाइल काय, घरी आल्यावरही तिथेच असतो!

आईबाबांसाठी

० मूल तक्रार करत नाही म्हणजे दृष्टी चांगली आहे, असं नव्हे. त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहिलेलं नसतं.
० तीन-चार वर्षांच्या सुमारास, शाळेत जायच्या आधी, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. सरकारी रुग्णालयातही ती होते.
० डोळा किंचित तिरळा असणं भाग्याचं लक्षण नाही. 'मोठेपणी आपोआप जाईल' म्हणून थांबू नका.
० तान्ह्या बाळाचा एक डोळा हातानं झाकला की ते रडतं, दुसरा झाकला तर काहीच म्हणत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा.
० फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक पुन्हा पुन्हा दिसली, तर एक दिवसही थांबू नका. ते डोळ्याच्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं.
० मुलीला चष्मा लागला म्हणून तो लपवू नका, वापरू द्या.

माझ्या त्या वर्गमित्राला सहावीतच चष्मा लागला. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून तो रोज संध्याकाळी पुस्तक वाचत बसायचा. डावा डोळा पूर्ण सुधारला नाही, पण पुष्कळ सुधारला. वर्षभरानं त्यानं सीमारेषेजवळ एक झेल घेतला. साधाच होता, पण आम्ही सगळे धावत गेलो आणि त्याला उचलून घेतलं.

चला, उठा आता. कॅलेंडर कुठे आहे?